डोंगरावर निघालात? पिशवीत नकाशा आहे ना?

रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला चिंचवड स्टेशनवर उभं राहून पाहा. लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलसाठी थांबलेली निम्मीअधिक मंडळी पाठीला पिशव्या लावून डोंगराकडे निघालेली असतात. पावसाळा सुरू झाला की मग तर विचारूच नका! या गर्दीत आता बायकांचे गटही चांगले दिसतात. कुठे भिशीतल्या मैत्रिणी, कुठे शाळेतल्या जुन्या सोबतिणी, कुठे चक्क सासू-सुना. पिशव्यांत काय नसतं? धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुलांचे जादा कपडे, रेनकोट, पाय मुरगळला तर चोळायला मलम. नसतो तो फक्त नकाशा.

“नकाशा कशाला? मोबाईल आहे की!” असं एकजण म्हणते. दुसरी म्हणते, “अगं, हे आहेत ना बरोबर, त्यांना रस्ता माहीत आहे.” तिसरीला तर वाटतं, नकाशा म्हणजे शाळेतला भूगोलाचा पेपर, तो आपला कधीच सुटला!

मैत्रिणींनो, तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही यातलीच एक होते. मग ऑगस्टमधला एक रविवार असा आला की, त्या रात्री घरी पोहोचल्यावर मी पहिलं काम केलं ते देवापुढे दिवा लावण्याचं, आणि दुसरं नकाशा मिळवण्याचं. ती हकिकत आधी सांगते.

आमच्या इमारतीतल्या आम्ही चौघी आणि दोन मुलं, त्यांतलं धाकटं आठ वर्षांचं. बेत असा होता की, मळवलीला उतरायचं, भाजे गावावरून खिंडीत जायचं, दुपारपर्यंत लोहगड करायचा आणि परत येताना समोरचा विसापूर. आमच्याजवळ ‘नकाशा’ होता बरं का! एका सहलीच्या पत्रकामागे छापलेला. त्यात लोहगड आणि विसापूर असे दोन त्रिकोण काढले होते आणि दोहोंमध्ये एक सरळ तुटक रेघ. दोन बोटांचं अंतर! ते पाहून आम्हाला वाटलं, दुपारचं जेवण झालं की सहज जाऊन येऊ.

लोहगड छान झाला. पायऱ्या चांगल्या, माणसांची वर्दळ, चुकायला वावच नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शिवरायांच्या ज्या बारा किल्ल्यांची नोंद झाली त्यांत लोहगडही आहे, त्यामुळे आता तर तिथे पुढच्या माणसाच्या पाठीमागे चालत राहिलं तरी दरवाज्यात पोहोचता येईल. पण विसापूरची गोष्ट वेगळी. तो लोहगडापेक्षा उंच आणि माथ्यावर चांगलाच पसरट आहे. वर पोहोचतो न पोहोचतो तोच धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडची बाई दिसेना. तटाच्या कडेकडेनं चालत राहिलो, पण चढून आलो ती वाट काही सापडेना. एकीचा मोबाईल भिजून बंद पडलेला, दुसरीच्या मोबाईलला रेंज नाही. चार वाजून गेले. मुलं रडकुंडीला आली.

तेवढ्यात एक ओढा दिसला. मैत्रीण म्हणाली, “पाणी खालीच जातं ना? याच्या कडेनं उतरलं की गाव लागणारच.” किती पटण्यासारखं वाटलं ते आम्हाला! त्या ओढ्याच्या कडेनं, झाडांना धरून, वीस मिनिटं आम्ही उतरलो असू. वरच्या अंगाला म्हशी घेऊन निघालेल्या एका मावशींनी आम्हाला पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली, “व्हळानं खाली नगा जाऊ बाई! म्होरं कडा हाये!”

त्या आम्हाला परत वर घेऊन आल्या, आडवं चालवत नेलं आणि पायवाटेला लावून दिलं. मळवली स्टेशनला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं त्या भागाचा खरा नकाशा आणून दिला. आमच्या जेवणाच्या टेबलावर तो पसरला आणि मी तो ओढा शोधून काढला. माथ्यावरून निघालेली ती बारीक रेघ जरा खाली येत होती आणि मग तपकिरी रेषांच्या एका जाड जुडग्यातून आरपार जात होती. रेषा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की मधे कागदच दिसत नव्हता. “काकू, अशा रेषा चिकटल्या की समजायचं, कडा,” मुलगा म्हणाला. मावशींनी जे ओरडून सांगितलं, ते या कागदावर कितीतरी वर्षं छापलेलं होतं. आम्ही फक्त वाचलं नव्हतं.

म्हणून आजचा हा लेख. नकाशा वाचणं हे स्वेटरचा नमुना वाचण्याइतकंच सोपं आहे. पहिल्यांदा खुणा अनोळखी वाटतात, दोनदा पाहिल्या की बोटं आपोआप चालतात. आणि मुख्य म्हणजे, नकाशा डोंगरावर गेल्यावर उघडायचा नसतो, तो आदल्या रात्री घरी वाचायचा असतो.

कोणता नकाशा घ्यावा?

नकाशे तीन प्रकारचे मिळतात. पहिला म्हणजे माहितीपत्रकातला किंवा हॉटेलच्या भिंतीवरचा चित्र-नकाशा. तो बघायला छान, पण त्याला मोजमाप नसतं. दोन बोटं म्हणजे एक किलोमीटर की पाच, हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. असा नकाशा काय पाहायचं हे ठरवायला वापरावा, कसं जायचं हे ठरवायला नाही.

दुसरा रस्त्यांचा नकाशा. गाडीनं पायथ्यापर्यंत जायला तो उत्तम. पण गाडीरस्ता संपला की त्याचं कामही संपलं.

तिसरा, आपल्या कामाचा, तो स्थलनिर्देशक नकाशा. डोंगरात फिरणारी मुलं त्याला ‘टोपोशीट’ म्हणतात. हे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. हा विभाग १७६७ साली सुरू झाला, म्हणजे आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या सरकारी खात्यांपैकी हे एक. याचं मुख्य कार्यालय डेहराडूनला आहे आणि पुण्यातही कार्यालय आहे. पूर्वी हे नकाशे मिळवणं म्हणजे अर्ज आणि हेलपाटे. पण २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं सैन्यासाठी वेगळे आणि सर्वांसाठी वेगळे असे दोन संच केले, आणि २०१७ मध्ये विभागाला अडीचशे वर्षं झाली तेव्हा सर्वांसाठीचे नकाशे इंटरनेटवरून मोफत उतरवून घेण्याची सोय सुरू झाली. तेव्हा घरातल्या कॉलेजकुमाराला किंवा कुमारीला कामाला लावा!

मागताना प्रमाण विचारा. १ : ५०,००० असं प्रमाण हवं. याचा अर्थ कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. हे एकच वाक्य पाठ करा, बाकी सगळं त्याच्यातून निघतं.

आता नंबरांविषयी. या नकाशांना नावाऐवजी नंबर असतात आणि ते ऐकूनच आपण घाबरतो. पण ती साड्यांच्या कपाटासारखी व्यवस्था आहे. सगळ्या देशाचे मोठे चौकोनी कप्पे केलेत, आपला कप्पा ४७ नंबरचा. त्याचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी अक्षरं. आपण ‘एफ’मध्ये. त्याचे पुन्हा सोळा भाग, त्यांना १ ते १६ आकडे. चिंचवड आणि पुणे येतात ४७ एफ/१४ मध्ये, तळेगाव आणि तिकोना किल्ला ४७ एफ/१० मध्ये, लोहगड, विसापूर आणि तुंग ४७ एफ/६ मध्ये, आणि राजमाची ४७ एफ/५ मध्ये. नव्या संचात याच ४७ एफ/१४ ला ‘ई ४३ एच १४’ म्हणतात. पुढचा भाग बदलला, शेवटचा आकडा तोच राहिला. असा एक नकाशा उत्तर-दक्षिण साधारण २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण २६ किलोमीटर भाग दाखवतो.

एक काळजी घ्या. डोंगर काही चौकोनाची कड बघून उभे राहिलेले नाहीत. पवनेच्या पाण्याजवळचे तिकोना आणि तुंग एकाच दिवशी नजरेत भरतात, पण नकाशावर ते दोन वेगळ्या कागदांवर आहेत. आपली वाट कागदाच्या कडेशी येत असेल तर शेजारचा कागदही घ्या.

आणि नकाशाचं वर्ष बघायला विसरू नका. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो ना, तसंच. पाहणी कोणत्या साली झाली ते समासात छापलेलं असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला. त्याआधीच्या नकाशात तो नसणारच, आणि मळवली स्टेशनवरून भाज्याला जाताना तर पहिल्यांदा तोच ओलांडावा लागतो. डोंगर, ओढे, कडे सहसा बदलत नाहीत. रस्ते, घरं, तळी बदलतात. जुना नकाशा टाकून देऊ नका, पण त्याच्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा हे ओळखा.

आधी आपलं घर शोधा

नकाशा हाती आल्या आल्या लोहगड शोधायला जाऊ नका. आधी ४७ एफ/१४ घ्या आणि चिंचवड शोधा. रेल्वेची काळी रेघ सापडेल, पवनेची निळी रेघ सापडेल. नदीकाठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर कुठे असेल याचा अंदाज करा. मग आपलं घर, मुलांची शाळा, भाजी मंडई. रोजच्या पायाखालची जागा कागदावर कशी दिसते हे एकदा कळलं की अनोळखी जागाही कळू लागते.

आता नदीवर बोट ठेवा आणि उलट्या दिशेनं, म्हणजे पश्चिमेकडे, सरकवत न्या. थेरगाव मागे टाकून रावेतच्या आसपास कागदाची कड येईल. शेजारी ४७ एफ/१० लावा. बोट चालू द्या. मग ४७ एफ/६ लावा, पवना धरणाचा मोठा जलाशय येईल. त्याच्या भोवती तिकोना, तुंग, आणि उत्तरेला लोहगड-विसापूर. आपल्या नळाला जे पाणी येतं ते या डोंगरांतून उतरतं! मी ही बोटाची यात्रा पहिल्यांदा केली तेव्हा मला वाटलं, अरे, हे डोंगर परके कुठे आहेत? हे तर आपल्या घराच्या वरच्या अंगाचेच.

रंगांची भाषा

या नकाशात रंग शोभेसाठी नसतात. निळा म्हणजे पाणी. तपकिरी म्हणजे डोंगराचा चढ-उतार. हिरवा म्हणजे झाडी, रान. पिवळा म्हणजे लागवडीची शेती. लाल रंगात रस्ते आणि वस्ती. काळ्यात रेल्वे, हद्दी आणि नावं.

आणि आता बायकांनी तरी विसरू नये अशी गोष्ट. ओढे दोन रंगांत असतात, निळे आणि काळे. निळ्यात पाणी असतं. काळी रेघ म्हणजे कोरडं पात्र, पावसाळ्यानंतर आटणारं. उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर जाताना “वाटेत ओढा आहे, पाणी मिळेल” असं म्हणून बाटल्या कमी घेतल्या आणि तो ओढा काळा निघाला, तर? मुलांच्या सुकलेल्या तोंडाकडे बघवत नाही, हो.

म्हणूनच काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काम भागवू नका. झेरॉक्समध्ये निळं-काळं सगळं एकच होतं. रंगीत प्रत काढणं महाग वाटलं, तर मुलांच्या रंगपेटीतल्या पेन्सिली घ्या आणि मूळ नकाशा समोर ठेवून पाणी निळ्यानं, वाट लालनं गिरवून काढा. त्या निमित्तानं नकाशा वाचूनही होतो.

बटाट्याचा डोंगर

आता त्या तपकिरी रेषा. यांना समोच्च रेषा म्हणतात. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरच्या जागा जोडणारी रेषा, अशी व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केली होती आणि कुणालाच कळली नव्हती. स्वयंपाकघरात चला.

एक मोठा, वेडावाकडा बटाटा घ्या. उभा चिरून अर्धा करा आणि कापलेली बाजू खाली ठेवून पाटावर ठेवा. हा झाला डोंगर. आता खालून वर, सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या करा. सगळ्यांत खालची चकती कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ काढा. मग ती उचलून तिच्याच जागी दुसरी चकती ठेवा, तिची रेघ काढा. असं टोकापर्यंत. झाला तुमचा नकाशा! बघा, बटाट्याची जी बाजू उभी होती तिथे रेघा दाटीनं आल्या आणि जी बाजू पसरट होती तिथे लांब लांब. (चकत्या वाया जात नाहीत, काचऱ्या करा.)

नकाशात चकतीची जाडी साधारण २० मीटर असते, ती समासात लिहिलेली असते. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे ती शंभर मीटरची. रेषांवरच उंचीचे आकडे असतात.

एवढ्यावरून पुढच्या गोष्टी कळतात. रेषा विरळ, तर चाल सोपी. रेषा दाट, तर छातीवरचा चढ. रेषा चिकटलेल्या, तर कडा, तिथे वाट शोधायला जाऊच नये. आपला सह्याद्री थराथरांच्या काळ्या कातळाचा, जिन्यासारखा. सपाट पट्टा, मग एकदम कडा, पुन्हा सपाट पट्टा. म्हणून नकाशात विरळ-दाट-विरळ असे पट्टे दिसतात. ओढा सपाट पट्ट्यावरून निवांत येतो आणि कड्यावरून धबधबा होऊन पडतो. पाण्याच्या मागे उतरू नये असं जाणते सांगतात त्याचं कारण हे.

रेषांचे बाक बघा. बाकाचं टोक उंचीकडे वळलेलं असेल तर ती घळ किंवा ओढा. टोक उताराकडे वळलेलं असेल तर ती डोंगराची सोंड. लोहगडाचा विंचूकाटा बघा, एक लांब, अरुंद जीभ बाहेर काढल्यासारख्या रेषा दिसतील. दोन उंच भागांच्या मधे रेषा जिथे कंबरेसारख्या आत येतात ती खिंड. लोहगड आणि विसापूर यांमधली खिंड अशीच दिसते. बहुतेक जुन्या वाटा सोंडेवरून चढतात आणि खिंडीतून ओलांडतात. आपल्या पूर्वजांच्या पायांना हे नकाशाशिवाय कळत होतं!

दोरा आणि घड्याळ

वाट सरळ नसते, म्हणून पट्टीनं मोजता येत नाही. शिवणाचा दोरा घ्या. थोडा भिजवून वाटेच्या वळणावळणानं नकाशावर बसवा, मग सरळ करून पट्टीवर धरा. समजा दोरा १२ सेंटिमीटर भरला. २ सेंटिमीटरला १ किलोमीटर, म्हणजे ६ किलोमीटर. मग समोच्च रेषा मोजून चढ काढा. समजा तो ४०० मीटर आला.

आता वेळ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक हिशेब सांगितला, तो आजही चालतो. ५ किलोमीटरला एक तास, आणि वर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ६ किलोमीटरला एक तास बारा मिनिटं, ४०० मीटर चढाला चाळीस मिनिटं. एकूण एक तास बावन्न मिनिटं. पण हा हिशेब सडाफटिंग चालणाऱ्याचा! आपल्याबरोबर मुलं असतात, कुणाचे गुडघे दुखतात, फोटो काढायचे असतात, डबा उघडायचा असतो. म्हणून आलेल्या वेळेत निम्मी भर घाला. झाले जवळजवळ पावणेतीन-तीन तास. पाऊस असेल तर आणखी वाढवा.

मग उलट हिशेब करा. परतीची लोकल किती वाजता? त्याआधी स्टेशनवर यायला किती वेळ? त्यावरून निघते ती ‘मागे फिरायची वेळ’. ती नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहा. घड्याळात ती वेळ झाली की, माथा हाकेच्या अंतरावर असला तरी फिरायचं. आमच्या त्या रविवारी आम्ही विसापूर चढायला लागलो तेव्हाच ही वेळ टळून गेली होती. सांगायला कुणी नव्हतं. नकाशावर लिहिलेली वेळ असती तर कुणाला वाईटपणाही घ्यावा लागला नसता.

मण्यांची युक्ती

आपण किती चाललो हे वाटेत कसं कळणार? एक गंमत सांगते. सर्वेक्षण विभागातर्फे पंडित नैनसिंग रावत यांनी १८६५-६६ मध्ये वेश पालटून तिबेटातल्या ल्हासापर्यंत प्रवास केला. उघडपणे मोजमाप करण्याची सोय नव्हती. त्यांनी काय केलं? हातात जपमाळ घेतली, पण १०८ मण्यांच्या जागी १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. बघणाऱ्याला वाटे, यात्रेकरू जप करतो आहे!

आपणही हे करू शकतो. घराजवळच्या मैदानावर मोजलेल्या शंभर मीटरला आपली पावलं किती पडतात ते दोनतीनदा मोजून ठेवा. मग डोंगरात दर शंभर मीटरला एक खडा या खिशातून त्या खिशात. दहा खडे, एक किलोमीटर, नकाशावर २ सेंटिमीटर. चढावर पावलं आखूड पडतात, तेवढी सूट धरा. मुलांना हे काम द्या, “किती राहिलं गं आई?” हा प्रश्न बंद होतो.

दिशा आणि होकायंत्र

नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर. नकाशा जमिनीवर पसरा, त्यावर होकायंत्र ठेवा आणि सुई व नकाशाचं उत्तर जुळेपर्यंत कागद फिरवा. मग नकाशातला डावीकडचा डोंगर खरोखरच डावीकडे दिसतो. काही देशांत सुईचं उत्तर आणि खरं उत्तर यांत बरीच तफावत असते, तिचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्या भागात ती एका अंशाहूनही कमी, म्हणून आपल्याला काळजी नाही.

काळजी आहे ती दुसरीच. मोबाईल, लोखंडी कडं, आणि हो, पर्सचं चुंबकाचं बटण! यांच्याजवळ सुई वेड्यासारखी फिरते. होकायंत्र पर्समध्ये ठेवू नका, वापरताना मोबाईल दूर ठेवा.

मग मोबाईलचं काय?

मोबाईल टाकून द्या असं मी म्हणणार नाही. आपण कुठे उभ्या आहोत हे तो चटकन सांगतो आणि त्याला रेंज लागत नाही, आकाश मोकळं असलं की पुरतं. पण नकाशाचं चित्र घरून उतरवून घेतलेलं हवं, नाहीतर खिंडीत गेल्यावर निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर नाचत राहतो. दुसरं म्हणजे, नेहमीचे नकाशे गाडीवाल्यांसाठी असतात. त्यांना रस्ता कळतो, कडा कळत नाही. कुणीतरी चालून टाकलेली वाट मोबाईलवर मिळते, पण तो उन्हाळ्यात गेला होता की पावसाळ्यात, हे बघा. पावसाळ्यात विसापूरच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहतात. आणि बॅटरी ही बॅटरीच. म्हणून मोबाईल जोडीला ठेवा, पण भिस्त कागदावर.

मराठीत डोंगरवाटांची चांगली पुस्तकंही आहेत. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ हे त्यांपैकी एक. वाचनालयात मिळालं तर जरूर आणा. पुस्तकातलं वाटेचं वर्णन आणि टोपोशीट शेजारी ठेवून वाचलं की दोन्ही जास्त कळतात.

सुरुवात कुठून कराल?

एकदम राजमाची नको. पहिला धडा निगडीच्या दुर्गा टेकडीवर घ्या. वर उभं राहून नकाशा जुळवा आणि काय काय ओळखू येतं ते बघा. दुसरा धडा बेगडेवाडी-घोरावाडीजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर. चढ आहे, लेणी आहेत, देवदर्शन होतं, आणि रेल्वे, महामार्ग, वस्ती वरून दिसत असल्यामुळे नकाशाशी ताडून पाहता येतं. तिसऱ्या खेपेला लोहगड. विसापूर त्यानंतर, आणि स्वतंत्र दिवशी.

निघण्याआधी एवढं कराच

• आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून नकाशा वाचा. वाट एकीलाच माहीत असून चालत नाही.
• वाटेतलं पाणी, खिंड, फाटे आणि कडे पेन्सिलीनं खुणवा. शाईचा पेन नको, पावसात पसरतो.
• आपला भाग वर येईल अशी घडी घाला आणि धुऊन वाळवलेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.
• मागे फिरायची वेळ लिहा. वाट आणि परतीची वेळ यांची चिठ्ठी घरी ठेवून जा.
• प्रत्येक फाट्यावर थांबा, मागे वळून बघा. येताना तीच जागा वेगळी दिसते.
• गावात शिरल्यावर विचारा. नकाशावरची नावं जुन्या इंग्रजी धाटणीची असतात, मोठ्यानं उच्चारून बघा, गावकरी बरोबर ओळखतात.
• धुकं आलं, वाट हरवली, तर ओढ्यानं उतरू नका. शेवटची ओळखलेली खूण जिथे होती तिथवर परत जा.

मागच्या वर्षी आम्ही पुन्हा विसापूरला गेलो. त्याच चौघी, तीच दोन मुलं. धाकटा आता मोठा झाला आहे, त्याच्या गळ्यात नकाशाची पिशवी होती आणि खिशात खडे. त्या ओढ्याच्या तोंडाशी आल्यावर तो थांबला, कागद जुळवला आणि म्हणाला, “आई, इथे रेषा चिकटल्यात. आपण इथून नाही जायचं.” माझी मैत्रीण काही बोलली नाही. तिनं नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

उतरताना वाडीत त्या मावशींची चौकशी केली. भेटल्या. घरचे चार लाडू आणि एक पातळ घेऊन गेलो होतो. नकाशा त्यांच्यासमोर पसरला आणि त्यांचा कडा दाखवला. त्यांनी त्या जुडग्यावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाल्या, “म्हंजी हे तुमास्नी ठावं हुतं की!”

ठाऊक होतं खरं. पण कागदाला. आता आम्हालाही आहे.